कुलाबा ते हानले : विश्वकिरणांच्या शोधातून उभ्या राहिलेल्या गॅमा-किरण वेधशाळा

टाटा मूलभूत संशोधन संस्था १ जून १९४५ रोजी बंगळूरला सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईला पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्यात आली. याच वास्तूत होमी भाभांचा जन्म झाला होता. पुढे १९४९मध्ये गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबची इमारत मिळाली, आणि १९६२मध्ये कुलाब्याच्या टोकाला, नेव्हीनगरला, आजच्या वास्तूचे उद्घाटन झाले. जागा तीनदा बदलल्या, विषय वाढत गेले. पण पहिल्या दिवसापासून हाती घेतलेला एक विषय संस्थेने कधीच सोडला नाही. तो म्हणजे विश्वकिरण. आज लडाखमध्ये हानलेला गॅमा किरणांच्या ज्या दुर्बिणी आहेत, त्या खगोलशास्त्राच्या खात्यात मांडल्या जातात आणि ते बरोबरच आहे. मात्र त्यांचे मूळ शोधायला गेले तर आपण भाभांच्या टेबलापाशी येऊन पोचतो. विश्वकिरण येतात कुठून, या एका प्रश्नाने ही सगळी धावपळ घडवली.

प्रश्न जुना आहे. व्हिक्टर हेस यांनी ऑगस्ट १९१२मध्ये फुग्यातून ५ हजार मीटरहून वर जाऊन दाखवून दिले, की हवेला विद्युत्‌भारित करणारे काहीतरी वरून, पृथ्वीबाहेरून येते. ते किरण नसून बहुतांशी प्रोटॉन आहेत, त्यांच्यासोबत हेलियमची आणि त्याहून जड अशी अणुकेंद्रे आहेत, हे नंतर कळले. नाव मात्र किरणांचेच राहिले. असा एक कण वातावरणात शिरला की हवेतल्या अणूवर आदळून नवे कण निर्माण करतो, ते पुढे आणखी कण निर्माण करतात, आणि एकाचे हजारो, लाखो होतात. इलेक्ट्रॉन आणि गॅमा किरण यांच्यापासून असा वर्षाव कसा वाढत जातो, याचे गणित भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी १९३७मध्ये मांडले. पुढच्याच वर्षी पिएर ओझे यांनी शेकडो मीटर दूर ठेवलेली उपकरणे एकाच क्षणी कशी बोलतात ते दाखवले आणि जमिनीपर्यंत पोचणाऱ्या विस्तृत कणवर्षावांची ओळख पटली. गॅमा-किरण दुर्बिणीचे सगळे शास्त्र या दोन पायऱ्यांवर उभे आहे.

संस्थेची पहिली दोन दशके या कणांचा तीन दिशांनी पाठलाग करण्यात गेली. वर जायचे ते फुग्यांतून. हैदराबादहून सोडलेल्या प्लास्टिकच्या फुग्यांची ख्याती जगभर झाली. खाली जायचे ते कोलारच्या सोन्याच्या खाणीत. बी. व्ही. श्रीकांतन १९४८मध्ये संस्थेत आले आणि लवकरच म्यूऑन मोजायला या खाणीत उतरले. तिथेच, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, १९६५मध्ये वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो पहिल्यांदा सापडले. तिसरी दिशा डोंगराची: निलगिरीत उटीला राजभवनाच्या आवारात विश्वकिरण प्रयोगशाळा उभी राहिली, मोठा क्लाउड चेंबर आला, कणवर्षाव मोजणारी उपकरणे मांडली गेली. उटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंच. वर्षाव तिथे मुंबईपेक्षा अधिक भरात असताना सापडतो.

एवढे मोजूनही मूळ प्रश्न सुटत नव्हता. विश्वकिरणांवर विद्युत्‌भार असतो. आकाशगंगेतल्या चुंबकक्षेत्रांतून ते वाकत-वळत येतात आणि आपल्यापर्यंत पोचेतो त्यांची मूळ दिशा पुसली जाते. ते सगळीकडून सारखेच येताना दिसतात. पण जिथे हे कण वेग घेतात, तिथेच आसपासच्या वायूवर आदळून ते पायॉन तयार करतात, आणि उदासीन पायॉन फुटला की गॅमा किरण निघतात. गॅमा किरणांना भार नाही. ते सरळ येतात. म्हणून विश्वकिरणांच्या जन्मस्थानाचा पत्ता हवा असेल तर गॅमा किरण पाहायचे, ही युक्ती १९५०च्या दशकाअखेर जगभरच्या शास्त्रज्ञांच्या मनात पक्की झाली होती.

पाहायचे कसे? फार ऊर्जेचे गॅमा किरण इतके विरळ असतात, की उपग्रहावर बसवता येईल एवढ्या उपकरणात ते क्वचितच सापडतात. इथे चेरेन्कोव्ह प्रकाश कामी आला. हवेत प्रकाशाचा जो वेग असतो त्यापेक्षा वेगाने जाणारा भारित कण निळसर प्रकाश टाकत जातो. पॅट्रिक ब्लॅकेट यांनी १९४८मध्ये नोंदवले होते, की रात्रीच्या आकाशातल्या उजेडाचा अगदी लहानसा, सुमारे दहाहजारावा हिस्सा विश्वकिरणांच्या अशा प्रकाशाचा असावा. ब्रिटनमध्ये हारवेलला जेली आणि गॅलब्रेथ यांनी १९५३मध्ये ते खरे करून दाखवले. आतून काळा रंगवलेला एक कचऱ्याचा डबा, त्यात छोटा आरसा, आणि आरशाच्या नाभीपाशी फोटोमल्टिप्लायर. एवढ्या सामानावर त्यांना हवेतल्या त्या झळका सापडल्या. झळक काही नॅनोसेकंदच टिकते, म्हणून तर इतर उजेडातून ती वेगळी काढता येते. आणि १ टीईव्ही, म्हणजे १ लाख कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा एकच गॅमा किरण जमिनीवर सुमारे १२० मीटर त्रिज्येचे वर्तुळ उजळतो. आरसा पुरेसा प्रकाश गोळा करणारा असला, की तो या वर्तुळात कुठेही असो, त्याला झळक दिसते. दुर्बिणीचे पकडक्षेत्र त्यामुळे ४० हजार चौरस मीटरांच्या घरात जाते.

पल्सारांच्या, म्हणजे ठरावीक ठोक्याने स्पंदणाऱ्या ताऱ्यांच्या, शोधाची बातमी १९६८च्या फेब्रुवारीत आली आणि १९६९मध्ये संस्थेच्या गटाने उटीला परवलयाकार आरसे आकाशाकडे रोखले. श्रीकांतन आणि पी. व्ही. रमण मूर्ती या कामात अग्रभागी होते. पल्सारच का, याला चांगले कारण होते. गॅमा किरणाची एक झळक येते तेव्हा विश्वकिरणांच्या हजारभर झळका येऊन गेलेल्या असतात. दोन्ही डोळ्यांना सारख्याच. त्या काळी त्या वेगळ्या करण्याचा हमखास उपाय नव्हता. पण पल्सारला ठोका असतो: क्रॅब पल्सारचा ३३ मिलिसेकंदांचा, व्हेलाचा ८९ मिलिसेकंदांचा. विश्वकिरणांना ठोका नाही. तेव्हा प्रत्येक झळकेची वेळ अचूक घड्याळावर नोंदवायची, पृथ्वीच्या भ्रमणामुळे पडणारा फरक वजा करायचा आणि सगळ्या वेळा पल्सारच्या आवर्तनावर एकावर एक रचायच्या. खऱ्या गॅमा किरणांचा ढीग एका जागी उभा राहील आणि विश्वकिरणांचा गाळ सपाट पसरेल. स्वच्छ, अमावास्येच्या आसपासच्या रात्री तेवढ्या कामाच्या. वर्षातल्या एकूण तासांपैकी दहाव्या हिश्शाएवढेसुद्धा तास हाती लागणे कठीण.

पुढची वीस वर्षे या क्षेत्राची परीक्षा पाहणारी होती, आणि त्यांच्यावरून घाईने पुढे जाणे मला बरोबर वाटत नाही. जगभरच्या गटांना सिग्नस एक्स-३, हर्क्युलिस एक्स-१, क्रॅब, व्हेला अशा स्रोतांकडून संकेत मिळाल्याचे दिसत होते. कधी काही मिनिटांचा उद्रेक, कधी काही रात्रींचे स्पंदन. उटीच्या आणि पुढे पंचमढीच्या नोंदींतही असे काही संकेत आले आणि ते प्रसिद्ध झाले. संख्याशास्त्राच्या कसोटीवर ते काठावरचे होते, आणि नंतरच्या कितीतरी अधिक संवेदनशील दुर्बिणींना सिग्नस एक्स-३ आणि हर्क्युलिस एक्स-१ यांच्याकडून तसे काही दिसले नाही. यात कोणाच्या सचोटीवर बोट ठेवण्यासारखे काही नाही. हजारात एक शोधायचा आणि तो वेगळा काढायचे साधन हाती नाही, अशा स्थितीत प्रत्येक गट आपल्या परीने मोजत होता, आणि जे दिसले ते इतरांनी तपासावे म्हणून मांडत होता. पल्सारचा अंदाज तर मुळात खराच निघाला. क्रॅब पल्सारचे २५ जीईव्हीवरचे (जीईव्ही म्हणजे टीईव्हीचा हजारावा हिस्सा) स्पंदन मॅजिक दुर्बिणीने २००८मध्ये दाखवले, १०० जीईव्हीच्या वरचे व्हेरिटासने २०११मध्ये, आणि व्हेलाकडून २० टीईव्हीपर्यंतचे स्पंदन एच.ई.एस.एस.ने २०२३मध्ये. उटीच्या मंडळींनी योग्य दारावर थाप मारली होती. दार उघडायला लागणारी ताकद त्यांच्या आरशांत नव्हती. याच काळात रमण मूर्ती यांनी आर्नल्ड वूल्फेंडेल यांच्यासोबत लिहिलेले ‘गॅमा-रे ॲस्ट्रॉनॉमी’ हे पुस्तक १९८६मध्ये केंब्रिजने काढले.

त्याच वर्षी उटीची चेरेन्कोव्ह उपकरणे मध्य प्रदेशात पंचमढीला हलली. सातपुड्यातली ही जागा उंचीला १,०७५ मीटर, म्हणजे उटीच्या निम्मी. पण रात्र काळोखी आणि हिवाळा-उन्हाळ्यातले आकाश निरभ्र. पावसाळ्यात काम बंद, मग नोव्हेंबरपासून पुन्हा सुरू. इथे जो चेरेन्कोव्ह दुर्बिणींचा संच २०००च्या सुमारास पूर्ण रूपाला आला, त्याची रचना मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटते. पाच रांगा, प्रत्येकीत पाच अशा २५ दुर्बिणी, ८० मीटर बाय १०० मीटरच्या जागेत मांडलेल्या. प्रत्येक दुर्बीण म्हणजे एकाच बैठकीवरचे सात आरसे, प्रत्येक ०.९ मीटर व्यासाचा, आणि प्रत्येकाच्या नाभीपाशी एक फोटोमल्टिप्लायर. असे १७५ डोळे.

या संचाने झळकेचे चित्र काढले नाही. त्याने तिची वेळ मोजली. कणवर्षावाचा प्रकाश मोठ्या, पातळ, किंचित वाकलेल्या थाळीसारखा खाली येतो. तिची जाडी जेमतेम मीटरभर. स्रोत डोक्यावरून ३० अंश कललेला असेल तर १०० मीटरच्या एका टोकाला ही थाळी दुसऱ्या टोकापेक्षा सुमारे १६७ नॅनोसेकंद आधी टेकते. प्रत्येक दुर्बिणीला ती केव्हा टेकली हे नॅनोसेकंदाच्या हिशेबात कळले, की ती नेमकी कुठल्या दिशेने आली ते काढता येते. विश्वकिरण सगळीकडून येतात, गॅमा किरण स्रोताच्या दिशेनेच; दिशा चुकलेले वर्षाव बाजूला टाकले की हजारात एक हे प्रमाण बरेच सुधारते. गंमत अशी, की केबलमधून संकेत दर मीटरला सुमारे पाच नॅनोसेकंद घेतो. आकाशातला फरक जेवढा, तेवढाच फरक तीसेक मीटर केबल कमीजास्त झाल्याने पडतो. त्यामुळे प्रत्येक दुर्बिणीपासून नियंत्रण कक्षापर्यंतच्या केबलचा, फोटोमल्टिप्लायरचा, त्यामागच्या इलेक्ट्रॉनिक्सचा विलंब मोजून ठेवावा लागे, आणि ते मोजमाप कशावर पडताळायचे तर पुन्हा विश्वकिरणांवरच. त्यांचे वर्षाव रात्रभर, सगळीकडून, ठरलेल्या दराने येतात. शेकडो वर्षावांच्या थाळ्या एकाच दुर्बिणीपाशी सतत मागे पडलेल्या दिसल्या, की चूक थाळीत नसून त्या दुर्बिणीच्या वायरीत आहे हे समजते. ज्यांना गाळून टाकायचे तेच उपकरणाची रोजची हजेरी घेतात. विश्वकिरणांवर पोसलेल्या संस्थेला ही पद्धत सहज सुचली यात नवल नाही.

इकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने आपली वेगळी वाट धरली होती. केंद्राच्या काश्मीरमधल्या प्रयोगशाळेने गुलमर्गला, २,७०० मीटरहून अधिक उंचीवर, १९७०च्या दशकात हवेतल्या झळका टिपायला सुरुवात केली. एच. राझदान, सी. एल. भट, आर. कौल ही त्या गटातली नावे. पुढचा डाव त्यांनी राजस्थानात माउंट अबूला, गुरुशिखरापाशी १,३०० मीटरवर मांडला. तोवर अमेरिकेतून मोठी बातमी आली होती. ॲरिझोनातल्या व्हिपल वेधशाळेत १० मीटर व्यासाच्या आरशासमोर ३७ फोटोमल्टिप्लायरांचा कॅमेरा लावून ट्रेव्हर वीक्स यांच्या गटाने १९८९मध्ये क्रॅब तेजोमेघाचे टीईव्ही गॅमा किरण निःसंशय पकडले. गॅमा किरणाच्या वर्षावाचे चित्र अरुंद, लांबट आणि स्रोताकडे रोख असलेले येते. प्रोटॉनच्या वर्षावाचे रुंद आणि विस्कटलेले. मायकेल हिलास यांनी १९८५मध्ये हा फरक आकड्यांत बसवला होता. त्या आकड्यांनी वीस वर्षांची कोंडी फोडली.

अबूची ‘टॅक्टिक’ दुर्बीण याच वाटेने गेली. ३४ गोल आरशांचा मिळून साडेनऊ चौरस मीटरचा परावर्तक आणि अखेरीस ३४९ पिक्सेलचा कॅमेरा. कॅमेरा अजून ८१ पिक्सेलचाच असताना, १९९७मध्ये मार्केरियन ५०१ ही दीर्घिका भडकली. तिच्या गाभ्यातल्या कृष्णविवराकडून येणारे टीईव्ही किरण अबूलाही दिसले. भारतीय भूमीवरून मिळालेला, जगातल्या इतर दुर्बिणींच्या निरीक्षणांशी जुळणारा हा संकेत. आधीच्या काठावरच्या आकड्यांनंतर त्याचे मोल किती असेल ते सांगायला नको.

दोन्ही वाटा हानलेला एकत्र आल्या. तिथे भारतीय ताराभौतिकी संस्थेची वेधशाळा आधीपासून होती, आणि पर्जन्यछायेत असल्याने पावसाळा पंचमढीसारखा महिनोन्‌महिने काम थांबवत नव्हता. पण खरे आकर्षण उंचीचे. हानले ४,२७० मीटरवर आहे. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के. दुर्बीण वर्षावाच्या जवळ जाते, प्रकाशाचे वर्तुळ लहान पण दाट होते, आणि हवेत विखरून वाया जाणारा प्रकाश कमी होतो. टाटा संस्था आणि ताराभौतिकी संस्थेने उभारलेला ‘हगार’ संच २००८मध्ये पूर्ण झाला. पंचमढीचीच घडण त्यात आहे: सात दुर्बिणी, प्रत्येकी सात आरसे, ५० मीटर अंतराने षटकोनात मांडलेल्या. पंचमढीत आरशांचे एकूण क्षेत्र सुमारे १११ चौरस मीटर होते, हगारचे सुमारे ३१. आरसे तिसऱ्या हिश्शाहून कमी, तरी पंचमढीला ९०० जीईव्हीच्या आसपास असलेली किमान ऊर्जा हानलेला सुमारे २०० जीईव्हीपर्यंत उतरली. डोंगराने काय दिले ते या एका तुलनेत कळते. मार्केरियन ४२१ फेब्रुवारी २०१०मध्ये भडकली तेव्हा तिच्यावर नजर ठेवणाऱ्यांत हगार होता.

त्याच्या शेजारी भाभा अणुसंशोधन केंद्राची ‘मेस’ उभी आहे. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने ती घडवली. आधी हैदराबादेत जोडून पाहिली, मग सुटी करून लडाखला नेली. परावर्तकाचा व्यास २१ मीटर, त्यावर ३५६ पटल, प्रत्येकावर चार असे हिऱ्याच्या हत्याराने घासलेले १,४२४ धातूचे आरसे. समोर १,०८८ पिक्सेलचा कॅमेरा. सुमारे १८० टनांचा हा डोलारा २७ मीटर व्यासाच्या रुळावर सहा चाकांनी फिरतो. एप्रिल २०२१मध्ये तिने क्रॅब तेजोमेघ पाहिला, २०२२च्या अखेरीस एनजीसी १२७५ या दीर्घिकेचा भडका नोंदवला, आणि ४ ऑक्टोबर २०२४ रोजी अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष अजितकुमार मोहंती यांच्या हस्ते तिचे औपचारिक उद्घाटन झाले. या जातीची जगातली सर्वांत उंचावरची आणि आशियातली सर्वांत मोठी दुर्बीण ती हीच.

आता मूळ प्रश्नाकडे. गॅमा-किरण दुर्बिणींनी विश्वकिरणांबद्दल काय सांगितले? नामिबियातल्या एच.ई.एस.एस.ने २००४मध्ये वृश्चिक राशीतल्या एका अतिनवताऱ्याच्या अवशेषाचे टीईव्ही किरणांतले चित्र दिले, आणि त्याचे कवचच चमकताना दिसले. २०१६मध्ये त्याच दुर्बिणींनी आकाशगंगेच्या केंद्राजवळ प्रोटॉन हजार टीईव्हीपर्यंत, म्हणजे एक पीईव्हीपर्यंत पोचत असल्याची खूण दाखवली. चीनच्या डोंगरावरल्या ‘ल्हासो’ने २०२१मध्ये पीईव्हीच्या घरातल्या गॅमा किरणांचे डझनभर स्रोत जाहीर केले. आणि गाळ म्हणून जे बाजूला काढले जात होते त्यातूनही पीक आले. विश्वकिरणांतल्या इलेक्ट्रॉनांचा वर्षाव गॅमा किरणाच्या वर्षावापासून ओळखू येत नाही. फरक एवढाच, की इलेक्ट्रॉन सगळ्या दिशांनी येतात. स्रोत नसलेल्या आकाशातल्या नोंदी चाळून एच.ई.एस.एस.ने या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा २०२४मध्ये ४० टीईव्हीपर्यंत मोजून दिली. इतक्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फार दूरवरून टिकून येऊ शकत नाहीत, म्हणजे त्यांचे उगमस्थान आपल्या शेजारातच असले पाहिजे.

उटीची प्रयोगशाळाही थांबलेली नाही. तिथला भारत-जपान सहकार्याचा ‘ग्रेप्स-३’ प्रयोग सुमारे ४०० सिंटिलेटर आणि ५६० चौरस मीटरच्या म्यूऑन दुर्बिणीने कणवर्षाव मोजतो. हे सिंटिलेटर उटीलाच तयार होतात. गॅमा किरणाच्या वर्षावात म्यूऑन फार थोडे असतात, त्यामुळे दोन्हींमधला भेद इथे दिवसाउजेडीही करता येतो. याच म्यूऑन दुर्बिणीने १ डिसेंबर २०१४च्या एका गडगडाटी ढगात १३० कोटी व्होल्टचा विभव निर्माण झाल्याचे उघड केले होते. २०२४मध्ये ग्रेप्स-३च्या गटाने प्रोटॉनांच्या ऊर्जापटात १६६ टीईव्हीच्या आसपास एक अनपेक्षित वळण असल्याचा पुरावा प्रसिद्ध केला: तिथून पुढे प्रोटॉनांची संख्या अपेक्षेपेक्षा सावकाश घटते. असे वळण एकाच साच्यातल्या स्रोतांनी पडणे अवघड आहे. वेगळ्या जातीचे स्रोत तिथे भर घालत असावेत. प्रोटॉन वायूवर आदळून निघणाऱ्या गॅमा किरणांकडे त्याच्या ऊर्जेचा साधारण दहावा हिस्सा जातो. म्हणजे उटीने दाखवलेल्या वळणाचे उगमस्थान शोधायचे तर एकेका अतिनवताऱ्याच्या अवशेषाकडून येणारे १५ ते २० टीईव्हीचे गॅमा किरण मोजायला हवेत, आणि जमिनीवरच्या चेरेन्कोव्ह दुर्बिणी नेमके याच पट्ट्यात काम करतात.